मुदत मिळाली, माफी नव्हे

संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत करोनाकाळावर काहीतरी यायलाच हवे, असे समितीचे म्हणणे पडले. त्या दिवसांत कोणी कोणाला डबे पोचवले, कोणी औषधे आणून दिली, याविषयी इतर मंडळी लिहितीलच. मी बँकेत हयात घालवलेला माणूस. म्हणून मी कागदांविषयी लिहितो.

मार्च २०२० ते मार्च २०२२ या दोन वर्षांत रिझर्व्ह बँक, केंद्र सरकार, राज्य सरकार आणि सर्वोच्च न्यायालय यांनी कर्ज, व्याज, वसुली आणि दिवाळखोरी यांबाबत जितके निर्णय घेतले, तितके माझ्या नोकरीच्या कोणत्याही दोन वर्षांत मी पाहिले नव्हते. गेट बंद, लिफ्ट एकेकट्याने वापरायची, आणि इंटरकॉमवर प्रश्न सुरू. “काका, हप्ता भरायचा की नाही?” “व्याज माफ झालं म्हणे, खरं का?” “दुकानाच्या सीसीचं काय?” मी निवृत्त झालो असलो तरी आपल्या इमारतीपुरता पुन्हा कामावर रुजू झालो होतो, बिनपगारी.

आज इतक्या वर्षांनी त्या सगळ्या परिपत्रकांकडे पाहिले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. त्या काळात कायद्याने बहुतेकांना एकच वस्तू वाटली, ती म्हणजे वेळ. रोख पैसा थोड्यांना मिळाला, माफी त्याहून थोड्यांना. वेळेलाही किंमत असते. ती कोणी मोजली, हा त्या काळाच्या आर्थिक इतिहासातला खरा प्रश्न आहे.

तहकुबी आणि सूट

आपल्याकडे महसुलाच्या जुन्या भाषेत दोन वेगळे शब्द आहेत, तहकुबी आणि सूट. दुष्काळ पडला की सरकार सारा तहकूब करी, म्हणजे यंदाचा सारा पुढच्या वर्षी द्यायचा. सूट म्हणजे तो सारा कायमचा सुटला. खेड्यातल्या निरक्षर शेतकऱ्यालाही हा फरक पक्का ठाऊक असे, कारण चुकीचा अर्थ लावला तर पुढच्या वर्षी दारात दोन वर्षांच्या साऱ्याची मागणी उभी राही.

कर्जाच्या बाबतीतही हा आपल्याच मुलखाचा इतिहास आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा उसळला आणि तो आसपासच्या गावांत व नगर जिल्ह्यात पसरला. शेतकऱ्यांचा रोख खते आणि रोखे जाळण्यावर होता. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ आला. त्यानंतर १८७९ मध्ये सरकारने डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो होता. रोख्यावर लिहिलेल्या आकड्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा आणि हप्ते बांधून देण्याचा अधिकार त्याने न्यायालयांना दिला. संकटात ऋणको आणि धनको यांच्यामध्ये कायद्याने उभे राहायचे, ही कल्पना आपल्याला २०२० मध्ये नव्याने सुचलेली नाही.

दुसरा जुना कायदा १८९७ चा, साथरोगांचा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला, म्हणून घाईघाईने केलेला हा अवघ्या चार कलमांचा कायदा. तोच मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात लागू झाला. त्याच्या जोडीला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. १८९७ च्या कायद्याने दुकानाचे शटर खाली ओढता येत होते. दुकानावरच्या कर्जाचे व्याज थांबवणारे कलम मात्र त्यात नव्हते. धंदा बंद आणि व्याज चालू, अशी स्थिती एका रात्रीत उभी राहिली.

२७ मार्चचे परिपत्रक

टाळेबंदीच्या तिसऱ्या दिवशी, २७ मार्च २०२० रोजी, गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी घोषणा केल्या. रेपो दर ५.१५ टक्क्यांवरून ४.४० टक्क्यांवर आला. (पुढे २२ मे रोजी तो ४ टक्के झाला.) त्याच दिवशी मोरॅटोरियमचे परिपत्रक निघाले. १ मार्च ते ३१ मे या काळात येणारे मुदतकर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलण्याची परवानगी बँका, सहकारी बँका, गृहवित्त कंपन्या आणि इतर वित्तसंस्थांना मिळाली. क्रेडिट कार्डाची बाकीही त्यात आली. कॅश क्रेडिट आणि ओव्हरड्राफ्टवरचे व्याजही पुढे ढकलता येणार होते. मे महिन्यात ही मुदत आणखी तीन महिन्यांनी, ३१ ऑगस्टपर्यंत वाढली.

परिपत्रकात दोन गोष्टी अगदी स्पष्ट होत्या, पण टीव्हीवर त्या नीट आल्या नाहीत.

पहिली गोष्ट म्हणजे बँकांना ‘परवानगी’ होती, हुकूम नव्हता. त्यामुळे प्रत्येक बँकेने आपापली पद्धत ठरवली. कोणी सांगितले, सवलत हवी असेल तर कळवा. कोणी सांगितले, नको असेल तर कळवा. एकाच मजल्यावरच्या दोन घरांना दोन वेगळे नियम लागू झाले.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. थकलेल्या मुद्दलावर व्याज चालूच राहील, असे त्यात लिहिले होते. म्हणजे ही तहकुबी होती, सूट नव्हती. “हप्ता नाही म्हणजे व्याजही नाही” हा समज ज्यांनी करून घेतला, त्यांना सप्टेंबरमध्ये धक्का बसला.

भामट्यांनीही संधी साधली. “तुमचा हप्ता पुढे ढकलून देतो, फक्त ओटीपी सांगा” असे फोन एप्रिलपासूनच सुरू झाले, आणि बँकांना त्याविरुद्ध इशारे द्यावे लागले.

थोडी आकडेमोड

त्या वेळी मी अनेकांना कागदावर हा हिशेब करून दाखवला होता, तोच इथे देतो.

समजा, १ मार्च २०२० रोजी गृहकर्जाची शिल्लक २० लाख रुपये, व्याजदर ८ टक्के आणि अजून १८० हप्ते, म्हणजे १५ वर्षे बाकी. हप्ता येतो १९,११३ रुपये. सहा महिने हप्ता भरला नाही. या सहा महिन्यांचे सरळ व्याज होते ८०,००० रुपये. दरमहा व्याज मुद्दलात मिळवत गेले तर होते ८१,३४५ रुपये. म्हणजे ३१ ऑगस्टला शिल्लक २०,८१,३४५ रुपये.

आता हप्ता पूर्वीइतकाच ठेवला, तर हे कर्ज फिटायला १८० ऐवजी १९५ हप्ते लागतात. सहा हप्ते भरले नाहीत, पण शेवटी पंधरा जादा भरावे लागतात. एकूण पावणेतीन लाखांहून अधिक रक्कम जास्त जाते.

म्हणून मी सांगत असे, पगार येत असेल तर हप्ता भरा. ज्याचा पगार थांबला होता, त्याची गोष्ट वेगळी. त्याच्यासाठी महिन्याचे एकोणीस हजार हातात राहणे म्हणजे किराणा, औषधे आणि मुलांची फी. पंधरा वर्षांनंतरचे पंधरा हप्ते त्याने डोळे उघडे ठेवून पत्करले असतील, तर तो शहाणपणाच होता. शिवाय या सहा महिन्यांत हप्ता भरला नाही म्हणून खाते थकीत धरले जाणार नव्हते आणि क्रेडिट इतिहासावर डाग पडणार नव्हता. संकटकाळात ही मोठी गोष्ट असते. फक्त ती फुकट नव्हती.

व्याजावरचे व्याज

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. आग्र्यातील एका गृहकर्जदाराने याचिका केली. सरकारच धंदा बंद ठेवते आहे, तर त्या काळाचे व्याज कसले, हा त्याचा मुद्दा होता. पुढे उद्योजकांच्या संघटना, बांधकाम व्यावसायिक, वीज कंपन्या असे अनेकजण आले. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या १३ व्या कलमात, भीषण आपत्तीत कर्जफेडीबाबत सवलतीची शिफारस करण्याची तरतूद आहे. तिचा आधार घेतला गेला.

३ सप्टेंबर २०२० रोजी न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की, ३१ ऑगस्टला जी खाती अनुत्पादक, म्हणजे एनपीए ठरलेली नाहीत, ती पुढील आदेशापर्यंत तशी जाहीर करू नयेत. ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने स्वतःहून योजना आणली. दोन कोटी रुपयांपर्यंतच्या ठरावीक प्रकारच्या कर्जांवर, १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळातील चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक सरकार भरणार होते. ज्यांनी सवलत घेतली नाही आणि हप्ते वेळेवर भरले, त्यांनाही ही रक्कम मिळणार होती. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती खात्यांत जमा झाली.

आपल्या इमारतीत त्या आठवड्यात मोठी गंमत झाली. काहींना बँकेचा मेसेज आला, अमुक शे रुपये जमा. फसवणूकच असणार असे समजून दोघा-तिघांनी तो घाबरून पुसून टाकला. वरच्या उदाहरणात ही रक्कम होते १,३४५ रुपये. देशभर चर्चा ज्या ‘व्याजावरच्या व्याजा’ची झाली, ते एवढेच होते. खरे ओझे होते त्यामागचे ८०,००० रुपये.

२३ मार्च २०२१ रोजी न्या. अशोक भूषण, न्या. सुभाष रेड्डी आणि न्या. एम. आर. शहा यांच्या खंडपीठाने अंतिम निकाल दिला. संपूर्ण व्याजमाफीची मागणी फेटाळली गेली. मुदत आणखी वाढवण्याची मागणीही फेटाळली गेली. आर्थिक धोरण ठरवणे हे न्यायालयाचे काम नाही, असे त्यात म्हटले होते. सर्व कर्जांवरील व्याज माफ करायचे तर बोजा सहा लाख कोटी रुपयांहून अधिक होईल, असे सरकारने सांगितले होते. एक गोष्ट मात्र न्यायालयाने दिली. दोन कोटींच्या मर्यादेला आधार नाही, त्यामुळे या सहा महिन्यांसाठी कोणत्याही कर्जदाराकडून व्याजावर व्याज किंवा दंडव्याज घेऊ नये, आणि घेतले असल्यास परत करावे किंवा पुढच्या हप्त्यात वळते करावे. ७ एप्रिल २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने तसे परिपत्रक काढले. सप्टेंबरचा अंतरिम आदेशही याच निकालाने संपला.

वर्षभराच्या लढाईनंतर व्याज राहिले, आणि त्यावरचे व्याज गेले.

दुकानदार आणि कारखानदार

आपल्या संस्थेत नोकरदार जास्त, पण व्यापारी आणि छोटे उद्योजकही बरेच आहेत. त्यांच्यासाठी कायद्याने आणखी तीन दरवाजे उघडले, आणि एक बंदच ठेवला.

पहिला दरवाजा दिवाळखोरीचा. थकबाकीसाठी कंपनीला दिवाळखोरीच्या प्रक्रियेत ओढण्याची किमान मर्यादा २४ मार्च २०२० रोजी एक लाखावरून एक कोटी रुपये झाली. नंतर ५ जूनच्या अध्यादेशाने दिवाळखोरी संहितेत कलम १०-अ आले. २५ मार्च २०२० पासून होणाऱ्या थकबाकीसाठी असे अर्ज थांबवले गेले. आधी सहा महिने, मग मुदत वाढत वाढत २४ मार्च २०२१ पर्यंत. यात एक बारकावा होता. त्या वर्षात झालेल्या थकबाकीसाठी असा अर्ज पुढे कधीही करता येणार नाही, असे कलमात म्हटले होते. म्हणजे त्या एका रस्त्यापुरती ही तहकुबी नव्हे, सूटच झाली. देणे मात्र कायम राहिले. इतर मार्गांनी वसुली करायला धनको मोकळा होता.

दुसरा दरवाजा हमीच्या कर्जाचा. मे २०२० मध्ये तीन लाख कोटी रुपयांची तातडीची कर्जहमी योजना जाहीर झाली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी जेवढे कर्ज येणे होते, त्याच्या २० टक्के नवे कर्ज, चार वर्षांसाठी, पहिले वर्ष मुद्दलाची फेड नाही, जादा तारण नाही. बँकांसाठी व्याजाची कमाल मर्यादा ९.२५ टक्के. सुरुवातीला २५ कोटींपर्यंत कर्ज आणि १०० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना ती खुली होती. पुढे मर्यादा वाढल्या आणि मार्च २०२३ पर्यंत योजना चालली.

इथे एक समज फार पसरला होता. “सरकारची शंभर टक्के हमी आहे, म्हणजे नाही फेडलं तरी चालतं.” अहो, हमी बँकेला होती, कर्जदाराला नव्हती. कर्ज बुडाले तर सरकार बँकेला भरपाई देणार. कर्जदाराकडची वसुली त्यामुळे थांबणार नव्हती. तरीही या योजनेने अनेक छोटे कारखाने तरले हे मान्य केले पाहिजे. बँकेतला अधिकारी जोखमीला घाबरून पेन उचलत नाही, हे मला चांगले ठाऊक आहे. हमीमुळे त्याने पेन उचलले. जूनमध्ये फेरीवाल्यांसाठी दहा हजारांपर्यंतच्या भांडवली कर्जाची पीएम स्वनिधी योजनाही आली.

तिसरा दरवाजा कर्जाच्या पुनर्रचनेचा. ६ ऑगस्ट २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने यासाठी चौकट दिली. मोठ्या कर्जांसाठी के. व्ही. कामत यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २६ क्षेत्रांकरिता पाच आर्थिक निकष सुचवले. १ मार्च २०२० रोजी ज्यांची थकबाकी तीस दिवसांहून अधिक नव्हती, त्यांनाच ही संधी होती. करोनाने आजारी पडलेल्या धंद्याला औषध द्यायचे, आधीच अंथरुणाला खिळलेल्याला नाही, असा त्यामागचा विचार. दुसऱ्या लाटेनंतर ५ मे २०२१ रोजी व्यक्ती आणि छोट्या उद्योगांसाठी अशीच दुसरी चौकट आली.

बंद राहिला तो कराराचा दरवाजा. टाळेबंदी ही दैवी आपत्ती, म्हणून करार पाळायची गरज नाही, असे अनेकांना वाटत होते. ८ एप्रिल २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयापुढे पोलाद आयातदारांची प्रकरणे आली. दक्षिण कोरियाहून माल निघाला होता, बँकेची लेटर ऑफ क्रेडिट दिलेली होती, आणि बँकेने पैसे देऊ नयेत अशी आयातदारांची मागणी होती. न्यायालयाने दिलासा नाकारला. लेटर ऑफ क्रेडिट हा बँकेचा स्वतंत्र व्यवहार आहे, विक्रेत्याने आपली बाजू पूर्ण केली आहे, आणि टाळेबंदी थोड्या काळापुरती आहे, असे कारण दिले. परदेशी व्यवहाराचे काम ज्यांनी केले आहे त्यांना हा निकाल पटेल. बँकेचा शब्द असा परिस्थितीनुसार फिरू लागला, तर उद्या आपल्या व्यापाऱ्यावर परदेशात कोण विश्वास ठेवणार?

वकिलाकडे जाणेच अशक्य झाले होते, त्याचाही विचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन दावे व अपिले दाखल करण्याच्या मुदती थांबवल्या. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या हिशेबातून वगळला गेला. चेक न वटल्याच्या प्रकरणांनाही याचा फायदा मिळाला. इथेही वाटला गेला तो वेळच. ज्याचे पैसे अडकले होते, त्याची वाट पाहणे तेवढे लांबले.

दुसऱ्या बाजूचे लोक

आता माझ्या पिढीविषयी. आपल्या संस्थेत ज्या घरी गृहकर्ज आहे, त्याच्या शेजारच्या घरी बहुधा मुदतठेव आहे. कर्जदाराला वाटे, बँकेने लुटले. ठेवीदारालाही वाटे, बँकेने लुटले. बाकावर बसून दोघे एकाच बँकेला शिव्या देत, आणि कारणे मात्र उलटी.

बँकेकडे स्वतःचे पैसे थोडे असतात. ती कर्ज देते ते मुख्यतः ठेवीदारांच्या पैशातून. कर्जाचे व्याज पूर्ण माफ झाले असते, तर ठेवीवरचे व्याज कुठून द्यायचे, हा प्रश्न सरकारने न्यायालयातही मांडला होता. दर उतरले, कर्ज स्वस्त झाले आणि ठेवींचे उत्पन्न घटले. १ एप्रिल २०२० पासून ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर ८.६ वरून ७.४ टक्क्यांवर आला. मे अखेरीस ७.७५ टक्क्यांचे सरकारी बचत रोखे बंद झाले. मोठ्या बँकांचा एक वर्षाच्या ठेवीचा दर पाच टक्क्यांच्या आसपास आला, आणि २०२०-२१ मध्ये महागाई सरासरी सहा टक्क्यांच्या वर होती. म्हणजे ठेव जागच्या जागी झिजत होती. ३१ मार्च २०२१ रोजी अल्पबचतीचे दर आणखी कमी झाल्याचे जाहीर झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच ते मागे घेतले गेले. त्या रात्री किती ज्येष्ठांना झोप लागली नाही, याची नोंद कुठे नाही.

कर्जदाराला मिळालेल्या वेळेचा काही भार असा ठेवीदाराने उचलला. त्याला कोणी विचारले नव्हते, आणि त्याच्या बाजूने कोणी याचिकाही केली नाही.

तरी ठेवीदाराच्या पदरात काही कायमचे पडले. ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेवींवरील विमा एक लाखावरून पाच लाख झाला होता. २६ जून २०२० च्या अध्यादेशाने, आणि सप्टेंबरमध्ये कायद्याने, सहकारी बँकांवरील रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. २०२१ मध्ये ठेवविमा कायदा बदलला, आणि निर्बंध लागलेल्या बँकेतल्या ठेवीदाराला विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळण्याची तरतूद झाली. ज्यांनी सहकारी बँकेच्या बंद दाराबाहेर रांगा लावल्या आहेत, त्यांना या ९० दिवसांची किंमत सांगायला नको.

आपल्या संस्थेपुरते

राज्य सरकारनेही सहकारी संस्थांना वेळ दिला. ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची वार्षिक सर्वसाधारण सभा त्या वर्षी ३१ मार्च २०२१ पर्यंत घेण्याची मुभा मिळाली, निवडणुका पुढे गेल्या, आणि जुन्याच समितीने गाडा ओढला.

मुद्रांक शुल्कात मात्र खरी सूट होती. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० तीन टक्के कमी, आणि जानेवारी ते मार्च २०२१ दोन टक्के कमी. घरांचे बंद पडलेले व्यवहार त्याने हलले. आपल्याकडे डिसेंबरमध्ये दोन फ्लॅट विकले गेले ते यामुळेच. फेब्रुवारी २०२० मध्ये पूर्ण शुल्क भरून आलेले कुटुंब आजही त्यावरून आम्हाला चिडवते.

“देखभाल खर्चाला मोरॅटोरियम आहे का?” हा प्रश्नही तेव्हा आला. गृहनिर्माण संस्था काही कर्ज देणारी संस्था नव्हे, त्यामुळे रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक आपल्याला लागू नव्हते. पण थकबाकीवर तेव्हाच्या उपविधीनुसार २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावता येत होते, आणि त्या मर्यादेत दर ठरवणे सभेच्या हातात होते. टाळेबंदीतल्या महिन्यांच्या थकबाकीवर व्याज न लावण्याचे आपल्या सभेने ठरवले. बरीचशी थकबाकी वर्षभरात आली. वॉटरप्रूफिंगचे काम मात्र एक पावसाळा पुढे गेले. वेळेची किंमत इथेही कोणीतरी मोजलीच. वरच्या मजल्यावरच्या मंडळींनी, घरात बादल्या लावून. त्यांनी तक्रार केली नाही, आणि कोणाची थकबाकी होती हेही कधी विचारले नाही. ही नोंद स्मरणिकेत राहावी, असे मला वाटते.

ते सहा महिने अजून संपलेले नाहीत

मोरॅटोरियम ३१ ऑगस्ट २०२० रोजी संपले, असे इतिहासात लिहिले जाईल. पण ज्यांनी सवलत घेतली आणि हप्ता न वाढवता मुदत वाढवून घेतली, त्यांच्या खात्यात ते सहा महिने आजही चालू आहेत. वरच्या हिशेबातला माणूस मार्च २०३५ च्या ऐवजी २०३६ च्या अखेरीपर्यंत हप्ते भरत राहणार आहे. दरम्यान व्याजदर वाढले, त्यामुळे काहींची मुदत आणखी लांबली. अनेकांना हे माहीतही नाही, कारण खात्यातून जाणारा आकडा तोच दिसतो.

म्हणून स्मरणिका बाजूला ठेवल्यावर एक काम जरूर करा. बँकेकडून कर्जाचा उतारा मागवा आणि शेवटच्या हप्त्याची तारीख पाहा. २०२० पूर्वीच्या मंजुरीपत्रातल्या तारखेशी ती ताडून पाहा. फरक दिसला आणि आता हात सैल असेल, तर हप्ता थोडा वाढवा किंवा काही रक्कम एकदम भरा. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकेला लावता येत नाही, हा नियम बँकांसाठी २०१२ पासून आहे. ज्यांच्याकडे उतारा आहे पण त्यातला मजकूर उलगडत नाही, त्यांनी संध्याकाळी सहानंतर खाली बाकावर यावे. चष्मा आणि कॅल्क्युलेटर घेऊन मी तिथे असतोच.